वादळासाठी पिस्तूल घ्यायचं म्हणता? आधी टिकल्यांची बंदूक आठवा

जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ अमेरिकेत टेक्ससमधल्या आमच्या ह्यूस्टनवरून गेलं आणि इथल्या मुख्य वीज कंपनीच्या बावीस लाखांहून जास्त ग्राहकांकडे अंधार झाला. आमच्याकडे वीज आली ती पाचव्या दिवशी. तोवर फ्रीजमधलं डोशाचं पीठ पातेल्याबाहेर येऊन खालच्या कप्प्यात वाळून गेलं होतं. तिसऱ्या रात्री, घामाने झोप लागत नसताना, ओळखीतल्या एका मुलाचा मेसेज आला.

"काका, जनरेटर आणला, पाणी भरून ठेवलंय, डाळ-तांदूळ आहेत. आता एक गन घ्यावी म्हणतोय. ऐनवेळी दगा देणार नाही अशी कुठली?"

मुलगा मूळचा कराडचा, इथे येऊन चार वर्षं झालेली. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. दर वादळाला तो कुणीतरी विचारतंच. मार्च २०२० मध्ये करोना आला, तेव्हा दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला हे सगळ्यांना आठवतं. त्याच महिन्यात बंदूक घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्यासाठी एफबीआयकडे सदतीस लाखांहून जास्त अर्ज गेले होते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. त्यांत पहिल्यांदाच शस्त्र घेणारे खूप होते, आणि त्यांचाही प्रश्न हाच होता: भरवशाची कुठली?

माझ्याकडे एक आहे. २०१७ च्या हार्वे वादळानंतर घेतली. त्यामुळे उपदेशाचा अधिकार मला नाही, पण गेल्या सात-आठ वर्षांत जे कळलं ते सांगू शकतो. इथल्यांसाठी, आणि "तुमच्याकडे म्हणे किराणा दुकानासारख्या बंदुका मिळतात?" असं फोनवर विचारणाऱ्या तिकडच्यांसाठीही.

कुठली, हे नंतर. तुम्हाला चालते का?

त्या मुलाला मी पहिलं विचारलं ते व्हिसाचं. तो एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. मग विषय जवळपास तिथेच संपतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे. विद्यार्थी, एच-१बी, त्यांच्या बायकोमुलांचा एच-४, फिरायला आलेले आई-बाबा, सगळे यात आले. ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि नागरिकांना ही बंदी नाही. टेक्ससमध्ये २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते, हे ऐकून पुष्कळांची गल्लत होते. राज्याने दिलेली मोकळीक केंद्राची बंदी उठवत नाही.

"पण माझ्या टीममधल्या एकाने तर घेतली, तो पण एच-१बी वर आहे." हेही खरं असू शकतं. कायद्यात अपवाद आहे: एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना जवळ असेल तर बंदी लागू होत नाही. हा परवाना थोड्या डॉलरांत मिळतो आणि प्रत्यक्ष शिकार करावी लागत नाही. बरेच जण या दाराने आत जातात. माझं मत विचाराल तर, ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने वकिलाला विचारल्याशिवाय या दाराकडे फिरकू नये. परवान्याची मुदत संपली आणि नवा काढायचा राहिला, की त्या दिवसापासून घरातली बंदूक गुन्हा ठरते. आणि शस्त्राचा गुन्हा हा देशाबाहेर काढण्याचं कारण म्हणून कायद्यात वेगळा लिहिलेला आहे.

दोन गोष्टी अजून. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही "बाळगणं"च आहे, म्हणून चांगल्या रेंजवाले व्हिसावाल्यांना आधी शिकारीचा परवाना मागतात. आणि ग्रीन कार्डवाल्या मित्राला पैसे देऊन त्याच्या नावावर घ्यायला लावणं हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे. दुकानात जो फॉर्म भरतात त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का?

दिवाळीतली दोन खेळणी

आता यंत्राकडे वळू. हँडगन म्हणजे हातात मावणारी, छोट्या नळीची बंदूक. तिचे मुख्य प्रकार दोन: रिव्हॉल्व्हर आणि सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. मराठीत आपण सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो, मुंबईच्या टोळ्या सगळ्यालाच घोडा म्हणायच्या. पण भरवशाचा प्रश्न या दोन प्रकारांतल्या फरकापासूनच सुरू होतो.

आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांच्या दोन बंदुका मिळायच्या. एकीत लाल प्लॅस्टिकचं चक्र बसायचं, त्यावर आठ टोप्या. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकायचं आणि घोडा टोपीवर आपटायचा. एखादी टोपी फुसकी निघाली तर काय करायचो? पुन्हा चाप ओढायचो, पुढची टोपी समोर. दुसरीत टिकल्यांची कागदी रीळ बसायची. ती लागली की धडाधड वाजायची, पण रीळ तिरकी झाली, ओलसर असली की आत गोळा व्हायची. मग झाकण उघडा, नखाने कागद ओढा, फाडा, पुन्हा लावा. तोवर शेजारच्या पोराच्या चार टिकल्या वाजून झालेल्या.

चक्रवाली म्हणजे रिव्हॉल्व्हर, रीळवाली म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक. तुलना अगदी तंतोतंत नाही, पण मुद्दा तोच आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा काडतुसं आपापल्या घरात बसलेली असतात. चक्र फिरवण्याची ताकद तुमच्या बोटातून येते, त्यामुळे आधीचं काडतूस उडालं की नाही याच्याशी पुढच्याला देणंघेणं नसतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये काडतुसं मुठीतल्या डब्यात, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकावर एक रचलेली असतात. खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलते, थेट स्टेपलरमधल्या पिनांसारखी. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस नळीत सारतो. डोळ्यांची पापणी लवायच्या आत तीन कामं. आणि या तिन्हींना लागणारी ताकद आधीच्या काडतुसाकडून उसनी घेतलेली. एक काडतूस कमजोर निघालं की सगळी साखळी अडखळते.

अडकतं ते कुठे

माझी पहिली शिकवणी एका रेंजवर झाली. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, लष्करातून निवृत्त, आवाज असा की कानांवरच्या मफ्समधूनही ऐकू यावा. समोर कागदाचा चौकोन, हातात भाड्याचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. खाली पाहिलं तर पितळेची रिकामी पुंगळी वरच्या फटीत उभी अडकलेली, चुलीच्या धुराड्यासारखी. इंग्रजीत या अडकण्याला स्टोव्हपाइप म्हणतात तेही धुराड्यावरूनच.

मी म्हटलं, बंदूक खराब आहे. बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, पुंगळी झटकली आणि त्याच मॅगझिनमधल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या एका लयीत झाडल्या. एकदाही अडकली नाही. मग माझं मनगट धरून हलवलं. "हे भिजलेल्या पोळीसारखं आहे," अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या. (पोळी हा शब्द माझा. त्यांनी नूडल म्हटलं होतं.)

झालं होतं असं. वरचा भाग पुरता मागे सरकायला मूठ एका जागी घट्ट लागते. मी मनगट सैल ठेवलं, तर धक्का बंदुकीऐवजी माझ्या हातानेच खाल्ला आणि यंत्र अर्ध्यावर थांबलं. ओढून उघडायच्या ड्रॉवरमागे टेबलच सरकत आलं तर ड्रॉवर उघडेल कसा? तसंच.

या एका प्रसंगाने माझ्या डोक्यातला "भरवशाचा" हा शब्द जागेवर आला. भरवसा निव्वळ वस्तूत बसलेला नसतो. बंदूक, काडतूस, मॅगझिन आणि हात असे चार भागीदार आहेत, आणि दुकानदार विकतो तो त्यांतला एकच. मॅगझिन हा तर सगळ्यात दुर्लक्षित भागीदार. त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणारी वरची पत्र्याची कड, जरा वाकली की चांगल्यातलं चांगलं पिस्तूल रुसतं. म्हणून जाणकार मॅगझिनवर एक-दोन-तीन असे आकडे टाकतात आणि सारखं अडकणारं बाजूला काढतात.

नवी घेतल्यावर तेल पुसून कपाटात ठेवून दिली, असं करणाऱ्यांनी आपल्याकडे काय आहे हे अजून पाहिलेलंच नसतं. जी काडतुसं अडीअडचणीला भरून ठेवायची आहेत त्यांचीच निदान दोन-तीन खोकी रेंजवर उडवून पाहायची. कुणाच्या पिस्तुलाला कुठल्या आकाराची गोळी पचत नाही हे तिथेच कळतं.

मग रिव्हॉल्व्हरच घ्यावं ना?

हा आक्षेप रास्त आहे. आपल्या वयाच्या, सराव न करणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं हेच सांगितलं जायचं. फुसकं काडतूस लागलं तर पुन्हा चाप ओढा, झालं. मॅगझिन नाही, स्प्रिंग नाही, सैल मनगटाची शिक्षा नाही.

पण चक्र फिरवायची ताकद बोटातून येते म्हटलं ना, तिची किंमत आहे. बहुतेक रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. पाच किलो तांदळाची पिशवी तर्जनीच्या एका पेरावर उचलून पाहा, आणि ती उचलताना हात जराही न हलवता समोरच्या स्विचच्या बटणावर नजर ठेवा. आजच्या बऱ्याच पिस्तुलांना याच्या निम्मा जोर पुरतो. माझ्या बायकोच्या बोटांना संधिवात आहे. तिला रिव्हॉल्व्हरचा चाप ओढवतच नाही. पण तिला पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायलाही त्रास होतो. म्हणजे तिच्यासाठी दोन्ही "भरवशाच्या" वस्तू भरवशाच्या नाहीत. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं, काउंटरवर हातात घेतल्यावरच कळतं.

शिवाय रिव्हॉल्व्हर क्वचित अडकतं, पण अडकलं की पुरतं अडकतं. पिस्तूल झटकून पुन्हा चालू होतं, रिव्हॉल्व्हरचं चक्र अडकलं किंवा पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी वाकली तर बहुधा कारागिराकडेच न्यावं लागतं. स्कूटरचा प्लग आणि गिअरबॉक्स यांतला फरक समजा.

माझा कौल? महिन्या-दोन महिन्यांनी रेंजवर जाणार असाल तर नावाजलेल्या कंपनीचं, पोलीस वापरतात तसं, मध्यम आकाराचं पिस्तूल. वर्षात एकदाही जाणार नसाल तर रिव्हॉल्व्हर, आणि खरं सांगायचं तर मग काहीच नाही. पर्समध्ये मावणारं इवलंसं पिस्तूल नवख्याने घेऊ नये. जितकं हलकं तितका धक्का जास्त, जितकी मूठ छोटी तितकं मनगट सैल. दुकानदार बायकांच्या हातात नेमकं तेच आधी देतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

गोळीचा आकडा

कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. त्यावरून इथे जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात, आपल्याकडे हापूस की पायरी यावरून होतात तशी. फार खोलात जायचं कारण नाही. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या एका चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, नऊ मिलिमीटरच्या गोळीवर ठपका आला आणि ती संस्था जाड गोळ्यांकडे वळली. पुढे गोळ्या सुधारल्या आणि साधारण तीस वर्षांनी एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली. कारणं घरगुती होती: धक्का कमी, नेम बरा, काडतुसं स्वस्त.

संकटासाठी म्हणाल तर सगळ्यात प्रचलित आकार बरा, कारण तो कुठेही मिळतो. पण २०२० मध्ये नेमकी हीच काडतुसं दुकानांतून आधी संपली. साठा म्हणजे तुमच्या कपाटात आहे तेवढाच.

एक गोष्ट मात्र टाळू नका. इथल्या घराच्या आतल्या भिंती म्हणजे जिप्समचे दोन पत्रे आणि मध्ये पोकळी. आपल्या विटांच्या भिंतीची सवय डोक्यातून काढा. हँडगनची गोळी अशा दोन-तीन भिंती पार करू शकते, आणि पलीकडे मुलांची खोली असते.

नको तेव्हा उडणं

"दगा देणं" म्हणजे हवी तेव्हा न उडणं, असंच आपण धरून चालतो. उलटा दगा जास्त वाईट. सिग साउअर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाची कथा इथे बातम्यांत सारखी येते. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी लष्कराने याच पिस्तुलाची लष्करी आवृत्ती निवडली. त्याच वर्षी बाजारातलं पी-३२० विशिष्ट कोनात खाली पडलं तर गोळी सुटू शकते असं चाचण्यांत दिसलं आणि कंपनीने आतले भाग बदलून द्यायला सुरुवात केली. त्यानंतर, चाप न ओढता पिस्तूल आपोआप उडालं अशा तक्रारींचे बरेच खटले झाले. कंपनीचं म्हणणं ठाम आहे: चाप ओढल्याशिवाय ते उडत नाही. काही ज्यूरींनी भरपाई मात्र कंपनीविरुद्ध दिली. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगच्या हवाई तळावर एका सैनिकाचा मृत्यू झाला तेव्हा हवाई दलाच्या एका विभागाने हे पिस्तूल वापरणं थांबवलं. साधारण महिन्याभराने ते पुन्हा सुरू झालं, आणि त्या मृत्यूच्या तपासात दुसऱ्याच एका सैनिकाला अटक झाली.

दोषी कोण, हे मी ठरवणार नाही. यातून घेण्यासारखं एवढंच की लष्कराने निवडलं हे एकटं प्रमाणपत्र पुरत नाही. लष्कराचा सैनिक ते पट्ट्याला लावून दिवसभर कवायत करतो, रोज साफ करतो. तुमचं वर्षभर अंधारात पडून राहणार. बाजारात दहा-पंधरा वर्षं मुरलेलं, ज्याच्या खोड्या सगळ्यांना पाठ झाल्यात असं मॉडेल बरं. नवं कोरं, या वर्षी आलेलं, पहिल्याच खेपेत घेऊ नये. गाडी घेताना आपण हेच करतो.

पुराचं पाणी, दमट गराज

ह्यूस्टनची हवा म्हणजे चिपळूणची हवा. गराजमध्ये ठेवलेल्या खिळ्यांना जूनमध्ये गंज चढतो. तरी लोक बंदुकीची तिजोरी गराजमध्ये ठेवतात, कारण बायको घरात ठेवू देत नाही. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो, म्हणजे आपटल्यावर ठिणगी देणारी बारीकशी टोपी. तिला ओलावा आणि सततची उष्णता दोन्ही सोसत नाहीत. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात काडतुसं कित्येक वर्षं टिकतात. पुराच्या पाण्यात बुडालेली काडतुसं मात्र उन्हात वाळवून परत वापरायची नाहीत, पापडासारखं चालत नाही ते. उडतील की नाही याचा भरवसा नाही, आणि अर्धवट उडालेली गोळी नळीतच अडकली तर पुढच्या गोळीने नळी हातात फुटू शकते. बुडालेली काडतुसं कचऱ्यातही टाकू नका, पोलिसांना किंवा रेंजवाल्यांना विचारून द्या.

घरातली माणसं

या देशात २०२२ मध्ये बंदुकीने ४८,२०४ माणसं गेली. त्यांतल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. चोर, दरोडेखोर, माथेफिरू यांच्याबद्दल तासन्‌तास बोलणारे दुकानदार हा आकडा सांगत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त प्रौढांची बारा वर्षांची नोंद पाहून २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या जवळपास आठपट निघालं, स्त्रियांमध्ये पस्तीसपट.

नोकरी गेली आहे, व्हिसाचे साठ दिवस मोजले जाताहेत, घरात कुणी महिनोन्‌महिने गप्प आहे. अशा घरात बंदूक आणू नये, असलेली काही दिवस बाहेर ठेवावी. हा दोष नाही, तापात माणसाला जिन्यावरून एकटं उतरू देत नाही तसं आहे.

मुलांचं वेगळं. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा पालकाचा गुन्हा आहे. दुकानातून घेतलेल्या हँडगनबरोबर कुलूप देतात, पण बहुतेकांच्या घरी ते प्लॅस्टिकच्या वेष्टनात तसंच असतं. "कुलपात ठेवली तर रात्री काय कामाची?" यावर उत्तर म्हणजे बोटांच्या खुणेने किंवा चार बटणांनी उघडणारी छोटी तिजोरी. दोन-तीन सेकंद लागतात. तिची बॅटरी कधी बदलली, हा पुढचा प्रश्न मी नेहमी विचारतो, आणि उत्तर बहुधा मिळत नाही. माझ्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय: गुढीपाडवा, बॅटरी.

पण लुटारू आलेच तर?

वादळात लूटमार होतच नाही असं मी म्हणणार नाही. होते. पण कत्रिना वादळात, २००५ साली, न्यू ऑर्लिन्सबद्दल जे भयानक ऐकलं गेलं त्यातलं बरंचसं नंतर अफवा निघालं. खरं घडलेलं एक मात्र कोर्टात सिद्ध झालं: डॅन्झिगर पुलावर पोलिसांनीच निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले, चौघे जखमी झाले. ते पोलीस म्हणजे घाबरलेली आणि हत्यारबंद माणसं होती, आणि त्यांना तर प्रशिक्षण होतं.

हार्वेमध्ये आमच्या भागात बार्कर जलाशयाचं पाणी शिरलं. रात्री अडीचला कुणीतरी दार ठोठावलं. त्या क्षणी माझ्याकडे बंदूक नव्हती, असती तर मी ती नक्की हातात घेतली असती. दारात दोन अनोळखी तरुण होते, दाढ्या वाढलेल्या, अंगात शिकारीचे कपडे, हातात टॉर्च. मागे त्यांची होडी. लुइझियानाहून स्वतःच्या होड्या गाडीला जोडून आलेले. आईला त्यांनी उचलून होडीत बसवलं आणि तिचं औषधांचं पेटारं परत जाऊन आणलं.

फेब्रुवारी २०२१ च्या बर्फाच्या वादळात टेक्सस सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली, बहुतेक थंडीने गारठून. काही जण कार्बन मोनॉक्साइडने, म्हणजे बंद जागेत जनरेटर किंवा कोळसा पेटवल्यावर साठणाऱ्या, वास नसलेल्या वायूने. त्या कराडच्या मुलाला मी विचारलं, जनरेटर कुठे ठेवलास? तर गराजमध्ये, दार "थोडं उघडं" ठेवून. बंदुकीचा विषय तिथेच राहिला. त्याच रात्री जनरेटर अंगणात गेला, आणि वीज आल्यावर त्याने वायूचा अलार्म आणला, तीसेक डॉलरचा.

आणखी एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. घर सोडावं लागलं तर बंदुकीचं काय? रेड क्रॉसच्या निवाऱ्यात शस्त्र आत नेऊ देत नाहीत. मग ती गाडीत ठेवायची, आणि वादळात सगळ्यात आधी फुटतात त्या गाड्यांच्या काचा.

"आपल्याकडे तर हा प्रश्नच नाही"

पुण्याचा मामेभाऊ फोनवर असं म्हणतो. तसं पूर्ण खरं नाही. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्यावर हँडगन मिळते, पण निवड कायद्यानेच अर्धी करून ठेवली आहे. नऊ मिलिमीटर सामान्य नागरिकाला निषिद्ध. म्हणून बहुतेक परवानाधारकांकडे असतं ते .३२ इंचाचं, बरेचदा कानपूरचं रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये "निर्भीक" नावाचं, स्त्रियांसाठी म्हणून गाजवलेलं, अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर तिथूनच आलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात, तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये "प्रबल" आलं. परवाना देणार पोलीस आयुक्त, आणि आयुक्तालय नसेल तिथे जिल्हाधिकारी. जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. "पूर येतो, भीती वाटते" एवढं पुरत नाही. २०१९ पासून एका माणसाकडे दोनच शस्त्रं. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

इथल्या मंडळींसाठी यातली एकच गोष्ट खरोखर कामाची. टेक्ससमध्ये रेंजवर नेलेली पाठपिशवी तशीच उचलून भारतात जाणारे लोक आहेत. तळाच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं, आणि परवान्याशिवाय काडतूस बाळगल्याचा गुन्हा दाखल होतो. ते जाणूनबुजून ठेवलेलं नव्हतं हे पटल्यावर कोर्टं अशी प्रकरणं रद्दही करतात, पण तोवर पासपोर्ट अडकतो, सुट्टी संपते, लग्न होऊन जातं.

गेल्या डिसेंबरात निघायच्या आदल्या दिवशी मी माझी पिशवी अंगणात उलटी करून झटकली. बाजूच्या शिवणीतून एक पितळी पुंगळी टणकन फरशीवर पडली. रिकामी होती, तरी अंगावर काटा आला. आता रेंजची पिशवी वेगळी आहे, भडक नारिंगी, आणि गराजच्या खुंटीवरून ती फक्त रेंजलाच जाते.